इस्तारीच्या जाळ्याचं सूत

बुडालेल्या माणसाला केसाला धरून ओढायचं नाही, हे इस्तारीला त्याच्या बापानं शिकवलं होतं. हातालाही धरायचं नाही. पाण्याच्या तळाशी गेलेला माणूस तान्ह्या लेकरासारखा असतो, त्याला मान सावरता येत नाही. त्याच्या खालून जाळं सरकवायचं, गुंडाळायचं आणि अलगद वर घ्यायचं. काठावर आणलं की आधी तोंडावर आपला दुपट्टा टाकायचा, मग लोकांना जवळ येऊ द्यायचं.

पोंभुर्ण्याच्या त्या भागात गावागणिक तलाव. कुणी शिंगाडे काढताना घसरतं, कुणी म्हशीमागे खोल पाण्यात जातं, कुणी घरी भांडून येतं. मग कुणीतरी सायकल नाहीतर गाडी काढतं आणि इस्तारी ढिवराच्या दारात येऊन थांबतं. बोलायची गरज पडत नाही. इस्तारी खुंटीवरचं जाळं खांद्यावर टाकतो. पोलीसही त्यालाच निरोप धाडत. मासे धरणं हा त्याचा धंदा होता. हे दुसरं काम धंद्यात धरलेलं नव्हतं.

माणूस ज्या जाळ्यानं काढला, त्या जाळ्यानं पुन्हा मासे धरायचे नाहीत अशी तिथली रीत. मढं गाडीत गेलं की तलावाच्या पाळीवरच, बांधावरच, त्या जाळ्याला अग्नी द्यायचा. कडेला लावलेल्या शिशाच्या गोळ्या वितळून राखेत थिजतात, त्या तलावातच सोडायच्या. तेरवी झाली की मेलेल्याच्या घरचे नव्या जाळ्यासाठी सूत घेऊन येतात. आता ते नायलॉनचं असतं, तरी त्याला सूतच म्हणतात. सूत दिलं की दोन्ही घरं मोकळी होतात.

ताराबाईचा पिंटू सापडला तेव्हा शिंगाड्याचे दिवस होते. शेजारच्या गावची ही विधवा बाई, एकुलतं एक पोर. वेलात पाय अडकून बुडाला, असंच सगळे म्हणाले. इस्तारीनं त्याला वर आणलं, दुपट्टा टाकला. ठाण्यातल्या जमादारानं पंचनामा केला, मढं तपासणीला दवाखान्यात गेलं. जमादार मोहाच्या झाडाखाली लिहीत बसला आणि इस्तारीनं जाळं पेटवलं. भर दुपार, पाळीवर सारा गाव.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा अहवाल आला. पिंटूच्या डोक्यामागे मार होता, आणि तो पाण्यात पडायच्या आधीचा होता. त्याच्याबरोबर दारू प्यायला बसलेले दोघे धरले गेले. मग पोलीस इस्तारीकडे आले. जाळ्यात दोरी, कपड्याचा तुकडा, काही अडकलं असेल तर ते हवं होतं.

"त्याले तं अग्नी देला, साहेब," इस्तारी म्हणाला.

अशा रीतीनं त्या खटल्यात तो तिसरा आरोपी झाला. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा केला, गुन्हेगारांना वाचवण्यासाठी केला, असा आरोप. जामीन त्याच दिवशी मिळाला. घरी आल्यावर त्याची बायको भागरता चुलीपुढून उठलीच नाही.

"जन्मभर दुसऱ्याईले काढलं पान्यातून," ती म्हणाली. "आता तुमाले कोन काढते?"

इस्तारीला तुरुंगाची भीती वाटत होतीच. पण रात्रंदिवस मनात घोळत होतं ते वेगळं. ताराबाई सूत घेऊन आली नव्हती. तेरवी झाली, महिना गेला. खुंटी रिकामी राहिली; मासे तो उसन्या जाळ्यानं धरी. आपल्या पोराचा जीव घेणाऱ्यांना ह्या माणसानं वाचवलं, असं ती बाई समजून होती. तिला जाऊन खरं काय ते सांगावं, असं त्याला रोज वाटे.

विधी सेवेतून त्याला फुकट वकील मिळाली. करिश्मा मडावी, एटापल्लीकडची पोर, चंद्रपूरच्या कोर्टात नुकती उभी राहू लागलेली. पहिल्या भेटीला इस्तारीबरोबर त्याचा साडू डोमा आला, काखेत गोणपाटाची गुंडाळी घेऊन. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यानं ती टेबलावर सोडली. आत जुनं, विटलेलं जाळं होतं.

"हे देऊन टाका पोलिसाईले," डोमा आनंदानं म्हणाला. "म्हना, हेच ते. पेटवलं ते दुसरंच होतं, म्हना. झालं, केस खतम."

करिश्मानं जाळ्याला हात लावला नाही. खुर्चीसकट थोडी मागे सरकली.

"हे कोणाचं आहे?"

"माह्यं. घरी पडूनच होतं."

"मग घरीच न्या. आत्ता न्या."

"काऊन जी? चांगलं तं आहे."

"डोमाभाऊ, इस्तारीभाऊंनी आतापर्यंत काहीच लपवलेलं नाही. हे जाळं ठाण्यात गेलं की इतके दिवस लपवलं असं होईल. ज्या गुन्ह्याचा आज नुसता आरोप आहे, तो तुम्ही खराच करून द्याल. वर खोटा पुरावा तयार केला, हा नवीन गुन्हा. त्यात तुम्हीही याल."

डोमानं गुंडाळी झटकन काखेत मारली. "मी तं आपला सहज आलो होतो, बाई. मले बसबी पकडा लागते," म्हणत तो जो गेला, तो खटला संपेपर्यंत कोर्टाच्या रस्त्याला फिरकला नाही.

इस्तारी मान खाली घालून बसला होता. करिश्मानं त्याला पाणी दिलं.

"पेटवलं, हे खरं आहे. ते आपण नाकारायचं नाही," ती म्हणाली. "पण नुसतं पेटवल्यानं गुन्हा होत नाही, भाऊ. दोन गोष्टी सरकारनं दाखवायला पाहिजेत. एक, खून झाला हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं, किंवा तसं मानायला तुमच्याकडे कारण होतं. दुसरी, कुणाला तरी वाचवायचं म्हणून तुम्ही ते केलं. माहीत होतं का?"

"कोनालेच नव्हतं माहीत. पोराच्या मायलेबी नाई."

"जमादारांनी पाहिलं पेटवताना?"

"पाह्यलं ना. डोमा म्हंते, त्याईनंच सांगतलं असं म्हन."

"सांगितलं होतं?"

इस्तारीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "नाई. ते लिहून राह्यले होते."

"मग जेवढं झालं तेवढंच. त्याच्या पलीकडे एक शब्दही नाही. कुणी विचारलं जाळ्यात काय अडकलं होतं, तर?"

"मले दिसलं नाई. मी पोराकडे पाहून राह्यलो होतो."

करिश्मानं मान हलवली. लिहायला घेतलेला पेन तसाच धरून ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. एटापल्लीकडच्या तिच्या गावाजवळून बांडिया नदी वाहते. नदीतून माणसं कशी वर आणतात, हे तिनंही पाहिलं असावं.

"आणखी एक," ती म्हणाली. "ताराबाईंना भेटायचं नाही."

"काऊन?"

"त्या साक्षीदार आहेत. तुम्ही कितीही चांगल्या मनानं गेलात तरी साक्ष फिरवायला गेला, असं म्हणतील. निरोपसुद्धा पाठवायचा नाही. खटला संपेपर्यंत."

तुरुंगाचं ऐकूनही इस्तारीचा चेहरा इतका उतरला नव्हता.

तारखा सुरू झाल्या. पोराच्या खटल्याला ताराबाईही दर तारखेला जाई. चंद्रपूरला जायला सकाळची एकच सोयीची एसटी, त्यामुळे ताराबाई पुढे आणि इस्तारी मागच्या बाकावर. ती एकदाही वळून बघत नसे. त्यालाच तिच्या मानेवरचा सैल झालेला अंबाडा दिसत राही. एकदा बाजाराचा दिवस होता, गाडी गच्च भरलेली. ताराबाई नंतर चढली आणि दांडा धरून उभी राहिली. इस्तारी उठला आणि काही न बोलता दाराशी जाऊन उभा राहिला. रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. मग बसली. खिडकीच्या बाजूला तोंड करून बसली, पण बसली.

संध्याकाळी भागरतानं विचारलं, "बोलली का?"

"नाई."

"तुमी?"

"वकीलबाईनं मना केलं ना."

"बसायले जागा देली तं बोलल्यासारखंच झालं," भागरता म्हणाली आणि त्याच्या ताटात मरळ माशाचा मोठा तुकडा वाढला. आरोपपत्र आल्यापासून ती त्याच्याशी असं पहिल्यांदाच बोलली होती.

साक्षी लागल्या तेव्हा कोर्टात लाखेनं सील केलेलं एक पाकीट फोडलं गेलं. त्यात पोलिसांनी पाळीवरून उचललेली राख होती आणि तिच्यात राहून गेलेले थिजलेल्या शिशाचे दोन काळे थेंब. इस्तारीला वाटलं, हे तर पाण्यात सोडायचं होतं.

जमादार साक्षीला आला. करिश्मानं त्याला जाळ्याचंच विचारलं.

"आरोपीनं जाळं पेटवलं तेव्हा तुम्ही किती लांब होता?"

"जवळच. झाडाखाली."

"तुम्हाला ते दिसलं?"

जमादारानं कपाळ पुसलं. तो मनानं सरळ माणूस होता. "दिसलं. धूर माझ्याकडे येत होता म्हणून मी जागा बदलली."

"थांबवलं नाही?"

"बुडून मेला असंच वाटलं होतं. संशय असता तर थांबवलं असतं."

"म्हणजे त्या वेळी संशय तुम्हालाही नव्हता."

"नव्हता."

मग ताराबाई आली. सरकारी वकिलांनी पिंटू घरातून कधी निघाला, कुणाबरोबर, हे सगळं विचारलं. ती कोरड्या डोळ्यांनी सांगत गेली. करिश्मा उठली तेव्हा ताराबाईनं पदर घट्ट ओढून घेतला. आता ही आपल्याशी भांडेल, असं तिला वाटलं असावं.

"बाई, तुम्हाला त्रास होईल असं मी विचारणार नाही," करिश्मा हळू आवाजात म्हणाली. "तुमच्याकडे बुडालेला माणूस ज्या जाळ्यानं काढतात, त्या जाळ्याचं नंतर काय करतात?"

ताराबाईनं पहिल्यांदा आरोपींच्या पिंजऱ्याकडे बघितलं. इस्तारी तिसरा उभा होता, हात जोडून. "मले माहीत नाई" एवढं म्हणून तिला सुटता आलं असतं.

"अग्नी देतेत," ती म्हणाली.

"नेहमी?"

"हाव. माह्या सासऱ्याले काढलं होतं तवाबी देला होता. याच्याच बापानं."

"आणि नव्या जाळ्याचं सूत?"

"घरचे देतेत."

"तुम्ही दिलं?"

"नाई देलं," ती म्हणाली आणि तिथेच रडली. करिश्मा खाली बसली. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं.

शेवटी न्यायाधीशांनी इस्तारीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? सांगितलं नाही तरी चालेल, हे करिश्मानं त्याला आधीच समजावलं होतं. पण तो बोलला.

"साहेब, पेटवलं मीच. खून झाला हे मले ठावं नव्हतं. आता यापुढं जाळं तसंच झाडाले बांधून ठेवीन, ठाण्यातून हो येईस्तोवर हात लावनार नाई. पन पान्यात जाऊ नको असं म्हनू नका. लोकं दारात येऊन उभे राह्यतेत."

निकालात इस्तारी निर्दोष सुटला. बाकीच्या दोघांपैकी एकाला जन्मठेप झाली. पुरावा अपुरा पडला म्हणून दुसरा सुटला. ते ऐकल्यावर इस्तारीला स्वतःच्या सुटकेचा आनंद नीट होईना. एसटीत त्या दिवशी ताराबाई नव्हती.

ती आली पोळा झाल्यावर. पायी आली होती, पायांना बांधावरचा चिखल लागलेला. भागरतानं पाय धुवायला पाणी दिलं. ओसरीत बसून तिनं रिकाम्या खुंटीकडे बघितलं.

"इस्तारीभाऊ, ते जाळं असतं तं दुसराबी सापडला असता का?"

ह्या प्रश्नाची त्यानं दोन वर्षं वाट पाहिली होती. काय सांगायचं, ते किती वेळा मनात जुळवलं होतं. वकीलबाई म्हणाली होती, जेवढं माहीत तेवढंच.

"मले नाई माहीत, बाई. असता बी. नसता बी."

ताराबाईनं मान हलवली. "पोराच्या तोंडावर तुमचा दुपट्टा होता," ती म्हणाली. "तो मी घरी ठेवला. वापस देत नाई."

"नका देऊ."

मग तिनं पिशवीतून सुताचं बंडल काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. पांढरं, अजून कागदात गुंडाळलेलं. "उशीर झाला," ती म्हणाली.

इस्तारीनं वळचणीतून बांबूची चपटी सुई काढली, धूळ पुसली. सूत उकलायला त्याला दुसरं माणूस लागत होतं. भागरता उठू लागली, पण त्याच्या आधी ताराबाईनंच दोन्ही हात पुढे केले. त्यानं सुताचा फेरा तिच्या मनगटांवर चढवला, टोक शोधून काढलं आणि पहिली गाठ मारली.

"ढिल्ली झाली का?" ताराबाईनं विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "हात असेच राहू द्या."