आरशात दिसलेला हात

बसमधून उतरताना ड्रायव्हरला तुम्ही शेवटचं थँक्यू कधी म्हणालात?

कोविडमध्ये अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या आमच्या विद्यापीठाच्या गावात कॅम्पस बसचं पुढचं दार बंद झालं. मागून चढायचं, मागूनच उतरायचं. पुढच्या सीटांना साखळी, ड्रायव्हरभोवती प्लास्टिकचा पडदा. नियम योग्यच होता, जीव वाचवायचे होते. पण इथे उतरणारा प्रत्येक जण थँक्यू म्हणायचा, ते आता मास्कमधून पुढे पोचेना.

आमची ड्रायव्हर साठीची गोरी बाई होती. मी मनातल्या मनात तिला मावशी म्हणायचे. माझ्या रूममेट्स घरी गेल्या होत्या, मी लॅबसाठी एकटीच राहिले होते. बसमध्ये बहुतेकदा आम्ही दोघीच. स्टॉपवर कुणी नसलं तरी ती दार उघडून डोक्यावरच्या आरशात मागे बघत थांबायची.

एकदा उतरताना मी आरशाकडे बघून हात वर केला. स्पीकरमधून तिचा आवाज आला, "थँक्स, किड. आज माझ्याशी बोललेली तू पहिलीच."

"मी बोलले कुठे?" मी मागून ओरडले.

"मला तेवढं पुरतं. घरी आरशात मी एकटीच असते."

आता पुढचं दार उघडं आहे. तरी कानात इयरफोन घालून आम्ही मागूनच उतरतो. दार उघडायचा हुकूम वरून आला. माणसाकडे बघायचा हुकूम कुठलीच संस्था काढत नाही, आणि आपणही त्याची वाट बघत बसलो आहोत.

उद्या बसमधून उतराल तेव्हा दारात क्षणभर थांबा, आणि आरशात दिसेल असा हात वर करा.