आक्काच्या खानावळीतले तनाकासाहेब

शाहूपुरीतल्या आक्काच्या खानावळीत मी अकरा वर्षं जेवलो. एका ठिकाणी इतकी वर्षं जेवलं की अंगावर मांस कमी आणि किस्सेच जास्त चढतात! चार मित्र जमले आणि एक सांगायला घेतला, की त्याच्यामागून दुसरा हजर. आज फक्त तनाकासाहेबांचे सांगतो.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. आमच्या कारखान्यात जपानी मशीन आलं आणि ते बसवायला तनाकासाहेब आले. मालकांनी त्यांना चांगल्या हॉटेलात उतरवलं होतं. तिथं सकाळ-संध्याकाळ टोस्ट आणि ऑम्लेट! आठव्या दिवशी बिचारे आमच्या दस्तगीर मिस्त्रींच्या मागोमाग थेट खानावळीत येऊन बसले.

पांढऱ्या रश्श्याची वाटी त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि असा दणदणीत भुरका मारला की पलीकडची पंगत वळून बघायला लागली. हॉटेलात म्हणे या आवाजाला वेटर हसायचे. इथं तीस माणसं तोच आवाज करत होती!

आक्का चुलीपुढून म्हणाली, "ह्यो तर आपल्यातलाच हाय की!"

*

साहेबांच्या घरची शिकवण अशी, की ताटात शीत टाकायचं नाही, तो रांधणारीचा अपमान. आणि आक्काचा हिशेब असा, की ताट रिकामं म्हणजे पावणं उपाशी. झालं! साहेब ताट साफ करायचे, आक्का वाढायची. साहेब परत साफ करायचे, आक्का परत वाढायची. "लाजू नगा, पावणं, जेवा!"

सात भाकरी गेल्या. आठवी आली तेव्हा साहेबांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर आलेच नाहीत. दस्तगीर मिस्त्री खवळले. "आक्का, पावण्याचा जीव घेता काय?"

"त्यांनीच ताट पुसून ठेवलं, त्याला मी काय करू?" आक्का म्हणाली खरी, पण चांगलीच घाबरली होती. तेव्हापासून तिनं आग्रह बंद केला. मागतील तेवढंच वाढायचं. आणि साहेब तर तोंड उघडून काही मागणाऱ्यातले नव्हते.

*

भाकरी त्यांना सोसेना. जीव सगळा भातावर. पण हातानं भात कालवायला गेले तर रस्सा कोपरापर्यंत आला आणि मनगटावरच्या घड्याळात शिरला! मग दस्तगीर मिस्त्रींनी लेथवर लाकडाच्या दोन झकास काड्या काढून दिल्या. काड्यांनी जेवायची त्यांची रीत. साहेब खूश!

पण आक्काचा भात म्हणजे शाहूपुरीत नावाजलेला. शीत न् शीत सुटं. काडीत येईल तर शपथ! एक शीत उचलायचं, तोंडात टाकायचं, मग दुसरं. आमची पंगत हात धुऊन बाहेर पडायची तरी साहेब पाचव्या घासावरच.

महिन्याभरात त्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. मशीन अजून अर्धंच बसलं होतं. मालक म्हणाले, "असंच चाललं तर यांना परत पाठवावं लागेल."

आक्काला घोर लागला. "बावीस वर्सांत माझ्या दारातनं कोण उपाशी गेलं न्हाय. आन् एवढ्या लांबनं आलेलं लेकरू माझ्या डोळ्यादेखत वाळाय लागलंय!"

*

आक्काला तांदूळ राधानगरीकडून तिचा भाऊ पुरवायचा. ती नेहमी जुनाच शिजवायची. एक दिवस जुनं पोतं संपलं. नवा तांदूळ चुलीवर चढला आणि पाणी मात्र हाताच्या सवयीनं जुन्याच्या मापाचं, म्हणजे जास्तच पडलं. भाताचा पार गिचका!

आक्का रडायच्या बेताला आली. "म्हशीला घाला त्यो! पावण्यापुढं न्यायचा न्हाय!"

पण साहेबांनी पातेलं बघितलं होतं. ते ताट घेऊन उठले आणि चुलीपाशी जाऊन उभे राहिले. आक्कानं मान खाली घालून एक गोळा वाढला. साहेबांनी काड्यांनी घास उचलला. न सांडता, थेट तोंडात! मग दुसरा. मग तिसरा. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

दस्तगीर मिस्त्री गुळाचा खडा घेऊन धावले. "तिखट लागलं, तिखट लागलं!"

"आवो, नुसता भात खातोय त्यो!" आक्का ओरडली.

मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत विचारलं, काय झालं? साहेबांनी पातेल्याकडं बोट दाखवलं. "माय मदर," म्हणाले. "सेम."

मी आक्काला सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पातेलं साहेबांच्या जवळ सरकवलं. त्या दिवशी साहेबांनी तीनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी भात गिचका. तिसऱ्या दिवशी गिचका. आठवडा उलटला तरी गिचकाच! पंगतीत कुरकुर सुरू झाली. शेवटी मीच धीर केला.

"आक्का, आमच्यापुरता तरी जरा मोकळा भात करा की!"

आक्कानं भातवाढी माझ्यावर रोखली.

"ज्याला मोकळा भात पायजे, त्यानं जावं जपानला!"