मेहुण्याने भरलेले चार शॉक

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा गाळा होता तेव्हा शेजारी रंगाचा कारखाना होता. तिथे जो रंग चालू असेल त्याच रंगाचं पाणी आमच्या दारासमोरच्या गटारातून वाहायचं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सकाळी शटर उघडायच्या आधी गटारात डोकावायचा आणि म्हणायचा, "दाजी, आज गुलाबी. गिऱ्हाईक येणार."

आम्ही दोघं शर्यतीच्या गाड्यांचे शॉक अॅब्सॉर्बर दुरुस्त करायचो. रोजच्या गाडीच्या शॉकमध्ये तेल असलं की भागतं. शर्यतीत ते तेल तापून त्याचा फेस होतो आणि गाडी चेंडूसारखी उडायला लागते. म्हणून शॉकच्या एका लहानशा कप्प्यात नायट्रोजन भरून तेल दाबाखाली ठेवतात. हे आम्हाला माहीत होतं, पण नायट्रोजन कुठून आणायचा आणि भरायचा कशाने, हे जवळपास कुणालाच माहीत नव्हतं.

गॅसच्या डेपोत गेलो तर तिथल्या माणसाने विचारलं, "फ्रिज दुरुस्तीवाले का तुम्ही?"

"नाही, गाडीवाले," मेहुणा म्हणाला.

"मग टायरमध्ये भरणार?"

"शॉकमध्ये."

त्याने पावती फाडून दिली. "भरा. फुटलं तर माझ्याकडून नेलंय म्हणून सांगू नका."

सिलिंडर टेम्पोत आडवा घातला आणि मेहुणा मागे त्याला मिठी मारून बसला. खड्ड्याखड्ड्याला तो आणि सिलिंडर एकत्र उडत होते. रात्री जेवताना मी हे सांगितल्यावर बायको भावाला म्हणाली, "एवढ्या मायेने कधी आईला धरलं नाहीस."

सिलिंडर आला, पण वेल्डिंगवाल्यांकडचा रेग्युलेटर आमच्या कामाचा नव्हता. आम्हाला हवा होता तेवढा दाब तो देतच नव्हता. मोठ्या दाबाचा रेग्युलेटर कल्याणला जुन्या सामानाच्या दुकानात सापडला. त्याचं पितळी बटण इतकं घट्ट होतं की फडकं गुंडाळल्याशिवाय फिरत नसे. राहिलं शॉकमध्ये गॅस भरायचं तोंड. त्याचं चित्र मेहुण्याने एका लग्नपत्रिकेच्या मागे काढलं आणि ते ठाण्याच्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं. शॉकच्या व्हॉल्व्हवर ते घट्ट बसायचं, त्यातली सुई पुढे केली की गॅस आत जायचा, आणि दाब त्याच्यावरच्या घड्याळात दिसायचा. काढताना आधी सुई मागे घ्यायची, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होई, मग तोंड सोडायचं. आतला गॅस आतच राहायचा. पहिला शॉक भरला तेव्हा आम्ही तो मांडीवर घेऊन दांडा दाबून बघितला. सोडल्यावर दांडा आपोआप सावकाश वर आला. आम्ही दोघंही हसत सुटलो. नंतर कितीतरी दिवस, कुणी पाहुणा आला की मेहुणा त्याला हे करून दाखवायचा.

काम करताना तो गुणगुणत असायचा, मध्येच उठून चहा सांगायचा. मला ते खटकायचं. माझ्या मनात कुठेतरी असं होतं की हसणाऱ्या माणसाचं कामात लक्ष नसतं.

एका संध्याकाळी दक्षिणेतल्या शर्यतीला जाणाऱ्या गाडीचे चार शॉक त्याने भरले, टोपणं लावली आणि तो घरी गेला. सिलिंडर त्यातच संपला. मी एकटा राहिलो आणि मला शंका आली. भरायचं तोंड त्याने पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं होतं, म्हणून मी ट्रकच्या टायरची हवा मोजायचं साधं मापक घेतलं. टोपण काढून ते लावलं, फिस्स आवाज झाला आणि काटा त्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली थांबला. पुन्हा लावलं, अजून खाली. चारही शॉकना तसंच केलं. मला वाटलं, पोराने कमी भरलंय. तेवढ्यात गाडीवाला आला. पुन्हा भरायला गॅस नव्हता, मी शॉक तसेच त्याच्या हवाली केले आणि शंकेचं सांगितलं नाही.

शर्यतीत गाडी चेंडूसारखी उडत राहिली, मागे पडली. गाडीवाला परत येऊन ओरडायला लागला तेव्हा मी म्हणालो, "भरायचं काम याचं होतं." बायको डबा घेऊन आली होती. सगळ्यांच्या देखत ती भावाला म्हणाली, "तू लहानपणापासून असाच." पुढच्याच महिन्यात त्याने कल्याणजवळच्या मोहने गावात नोकरी धरली आणि राहायला टिटवाळ्याला गेला.

नंतर मी स्वतः एक शॉक भरला आणि मन भरेना म्हणून त्याच मापकाने मोजला. फिस्स. पुन्हा मोजला, काटा आणखी खाली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कप्पा औषधाच्या बाटलीएवढा. टायरच्या मापकाने एकदा मोजलं की मोजण्यातच गॅस निघून जातो. त्याने नीट भरलेले शॉक मीच तपासून तपासून रिकामे केले होते.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. गाळा विकला, म्हातारा झालो, तरी नाही. परवा टिटवाळ्याला जाऊन त्याला सांगितलं. नव्या इमारतीच्या गॅलरीत तो तुळशीला पाणी घालत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, गाडीवाल्याचं मला काही नाही. ताई जे बोलली ना, तेवढं तिला परत घ्यायला सांगा."

घरी आलो. बायको मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली.

"म्हणजे मी त्याला बोलले ते?"

"चुकीचं होतं."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

मी हो म्हणालो. रात्री ती जेवली नाही. सकाळी साडी बदलून निघाली. मी येऊ का विचारलं तर चप्पल घालताना म्हणाली, "नको. मी माझ्या भावाकडे चाललेय. तुम्ही बसा तपासत."

दार ओढून ती गेली. मी हे लिहायला बसलो.