बोंडबोट्याची पारख

निळं पोर पुण्याच्या लष्करी दवाखान्यात गेलं आणि महिन्याभरानं गुलाबी होऊन आलं. हरणाबाईनं त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"धुळा, कुनाचं रं हे?"

"आये, आपला बिरू न्हवं का!" फौजेतला लेक हसला. पोराची आई साळूबाई मात्र रडकुंडीला आली.

हरणाबाईची हयात आटपाडीच्या माळावर मेंढरांमागं गेलेली. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं, की ती त्याचं कातडं सोलून आईवेगळ्या कोकराच्या अंगावर चढवायची. मेंढी हुंगायची नि आपलंच समजून पाजायची. आपण जन्मभर हेच केलं, मग दवाखान्यातली माणसं काय सोवळी लागून गेली?

"च्यार दिस काचंआड ठिवलं हुतं म्हंतीस. तवा तू जवळ हुतीस का?"

"न्हवते, आत्याबाई. पर आईला कळत न्हाई व्हय?"

"मेंढीला तरी कुठं कळतंय!"

धुळानं पोराचं झबलं वर केलं. उजव्या बगलेखालून पाठीपर्यंत टाक्यांचा वण. "फुफ्फुसाला रगत पुरत नव्हतं, म्हून निळं पडायचं. डाक्तरांनी ह्या हाताकडची नळी तोडून तिकडं जोडली. पाटाचं पाणी वळवावं तसं."

"आन् हाताचं रान वाळलं म्हंजे?" तिनं पोराचं उजवं मनगट दाबून पाहिलं. नाडी लागेना. डावी मात्र टणाटण उडत होती. संशय आणखीच बळावला. दोन दिवस तिनं पोराला मांडीवर घेतलं नाही.

चढवलेलं कातडं तिसऱ्या दिवशी उतरवायचं असतं. तिसऱ्या सकाळी तिनं कढत पाणी काढलं, पोराला पाटावर बसवलं आणि दवाखान्याचा वास जाईतो चोळचोळ चोळलं. चोळता चोळता हात थांबला. बोटांची टोकं! हलगीच्या काडीच्या बोंडासारखी, तशीच फुगीर. बोंडबोट्या म्हणून तीच तर चिडवायची त्याला. रंग पालटला होता, बोटं पालटायची राहिली होती.

तेवढ्यात पोरानं त्याच वाळक्या उजव्या हातानं तिच्या कानातली बुगडी धरून ओढली.

"आगाया! सोड, बोंडबोट्या!" म्हणत तिनं ओलं पोर छातीशी धरलं.

पण पुढं वर्षभर ती रोज सकाळी त्याची दोन्ही मनगटं चाचपायची. उजवीकडं नाडी काही तिला लागली नाही. "नाडी ठिवून घेतलीसा, ध्येनात हाय माझ्या," पुण्याच्या दिशेनं बघत ती पुटपुटायची.