घरचं घड्याळ नक्की किती पुढे आहे?

मंडळी, पाणी भरून हात दुखतायत, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

आम्ही दिव्याला राहतो. नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं, तेही जेमतेम वीस मिनिटं. आज माझा फोन बंद पडला आणि अलार्म वाजलाच नाही. डोळे उघडले तर भिंतीवरच्या घड्याळात पाच पंचावन्न! मीच ते गुपचूप दहा मिनिटं पुढे केलंय, म्हणजे खरे पावणेसहा.

ओरडून सगळ्यांना उठवलं, धावत जाऊन नळ सोडला. कोरडा!

"गेलं पाणी!" मला रडूच आलं.

नवरा म्हणाला, "अगं थांब, ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मीच केलेलं."

"तू? अरे, मी केलेलं!"

सासूबाई पिंप नळाखाली सरकवत शांतपणे म्हणाल्या, "दहा मीपण केलीत. तुम्ही दोघं वेळेवर उठता कुठे?"

पंचावन्नातून तीस गेले. म्हणजे फक्त पाच पंचवीस!

पाचच मिनिटांत नळ खाकरला. अख्ख्या मजल्यावर आज पहिलं पिंप आमचं भरलं!

तुमच्या घरचं घड्याळ किती पुढे आहे हो? घरात सगळ्यांना विचारून मगच सांगा.