चौथ्यांदा उघडलेलं इंजिन

जागच्या जागी उभ्या असलेल्या वाहनावर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. तरुणपणी कोल्हापूरजवळच्या माळावर चिखलात पळवायला त्यांनी एक टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली होती. तिथल्या शर्यतीत त्यांचा तिसरा नंबर आला. एकूण स्पर्धक किती होते, हे मी अजून विचारलेलं नाही. पुढे ते केंद्र सरकारात चिकटले आणि संसाराच्या सामानाबरोबर तीही दिल्लीला आली. आता इतक्या जुन्या गाडीला इथल्या रस्त्यांवर मज्जाव आहे. त्यामुळे द्वारकेतल्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे, तुळशीशेजारी, ती धुऊन-पुसून उभी असते आणि साडू तिचं इंजिन खोलत असतात.

हा त्यांचा रविवारचा सोवळ्यातला कार्यक्रम. सुटे भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर सरकारी अक्षरात चिठ्ठी. बेअरिंग फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गार करायचं, इंजिनाची केस ओव्हनमध्ये तापवायची. म्हणजे एक आक्रसतं, दुसरी पसरते आणि हातोडा न उचलता बेअरिंग आत जाऊन बसतं. एकदा नेमके त्याच वेळी त्यांचे साहेब सपत्नीक चहाला आले. ओव्हनकडे बघून बाईंनी कौतुकानं विचारलं, "केक बन रहा है?"

"नहीं जी, क्रँककेस," मेव्हणी म्हणाली. "दस मिनट और."

साहेब हॉलमध्ये एकटेच बसून राहिले. दिल्लीत माणसाचा दर्जा तो इतरांना किती ताटकळत ठेवतो यावर ठरतो. त्या हिशेबानं ते इंजिन कॅबिनेट दर्जाचं आहे.

मेव्हणीशी त्यांचा एक करार होता. गाडी नीट सुरू झाली की ती कोल्हापूरला साडूंच्या धाकट्या भावाकडे पाठवायची. "तिथे माळ आहे, पळेल तरी बिचारी. आणि मला इथे मोगरा लावता येईल." साडू म्हणाले होते, "बिल्कुल!" तेव्हापासून इंजिन तीनदा जोडून झालं आणि तीनदा उघडलं गेलं. कधी रिंगा मनासारख्या नव्हत्या, कधी गॅस्केट रुसलं होतं. शेवटी मेव्हणीनं गेल्या महिन्यात मला पंच म्हणून बोलावलं. "यांचं काही ऐकायचं नाही. भावोजी, तुम्ही सांगाल ते फायनल."

साडूंनी किक मारली. पहिल्याच किकला ती अशी पेटली, की निळा धूर तुळशीवरून थेट दुसऱ्या मजल्यावर गेला. वरून शेजारी ओरडले, "भाईसाब, मुबारक हो! अब बंद करो!" मेव्हणीनं टाळ्या वाजवल्या. साडूंचा चेहरा क्षणभर विशीतला झाला. मग त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि तो काढायचंच विसरले.

"साडूभाऊ," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "टायमिंग जरा मागे वाटतंय, नाही?"

टायमिंग इंजिनाच्या कुठल्या बाजूला असतं हेही मला ठाऊक नाही. गाडी तर सुरेख चालली होती. मी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि शोभेल इतका वेळ ऐकत राहिलो.

"जरा?" मी म्हणालो. "पुष्कळच मागे आहे."

मेव्हणीनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आत गेली आणि श्रीखंडाचे रिकामे डबे घेऊन बाहेर आली.