धर्माच्या रकान्यात

शशिकला जमदाडे कतारमध्ये, दोह्यातल्या अल दुहैल भागातल्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षं बालवर्गाला शिकवत होत्या. वाईजवळच्या गावातल्या. त्यांचे वडील पाचगणीला एका बहाई शाळेत माळी होते आणि तिथेच त्यांनी तो धर्म स्वीकारला. लेकीचं नाव मात्र शशिकलाच ठेवलं, त्यामुळे दोह्यातले आम्ही मराठी लोक ताईंना आपल्यातलंच धरायचो. गणपतीला बोलावलं की यायच्या, आरतीला मागे उभ्या राहायच्या. दुपारी शाळेत खडू-कागदांच्या खोलीत दार लोटून प्रार्थना करायच्या. आम्ही कधी खोलात शिरलो नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी वर्तणुकीचा दाखला लागला. माझा आठवड्यात आला. ताईंचा आलाच नाही. शाळेची सरकारी कामं बघणारे महमूदभाई, रत्नागिरीचे, तीनदा खेटे घालून आले. चौथ्या वेळी त्यांनी ताईंनाच त्या कचेरीत नेलं. सोबतीला मी होते.

अधिकारी तरुण होता, नम्रही. फाइल चाळत त्याने इंग्रजीत विचारलं, "हैफाला गेला होतात?"

"कधीच नाही."

"तुमचं धर्मस्थान तिथे आहे ना? इस्रायलमध्ये?"

"इस्रायल झालं त्याच्या आधीपासून ते तिथे आहे," ताई म्हणाल्या.

त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, इथे हिंदू राहतात, ख्रिश्चन राहतात. तुमची गोष्ट वेगळी आहे."

गाडीत बसल्यावर महमूदभाईंनी आधी काच वर केली. मग म्हणाले, "इस्लाममधून फुटलेले, वर इस्रायलचे हेर, असंच इथे तुम्हा बहाईंना समजतात. माझ्या घरीसुद्धा हेच बोलतात, ताई. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

ताईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी इथेच वारले होते. बहाई लोक मृताला लांब नेत नाहीत, म्हणून त्यांची कबर इथल्याच वाळूत होती. ताईंना मूल नव्हतं. "मी गेले तर त्यांच्याकडे कोण जाईल?" एवढंच त्या म्हणत होत्या.

तेव्हा मीच म्हणाले, "नवा अर्ज करा. धर्म हिंदू लिहा. नाव शशिकला, गाव वाईकडचं. कोण विचारतंय?"

"नीता, याच धर्मासाठी भावकीने माझ्या वडिलांना वाळीत टाकलं होतं."

"ते तेव्हा, ताई. आता मनातल्या मनात काय हवं ते म्हणा." मी हसलेसुद्धा. त्या हसण्याची आज लाज वाटते.

तीन आठवडे त्यांनी ऐकलं नाही. वर्गात मुलं फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी बत्तीस देशांचे झेंडे रंगवत होती. ताई एकेकाच्या हाताला धरून रेघा सांभाळायला शिकवत होत्या. मग देश सोडायची नोटीस आली. मुदत एक महिना. दुसऱ्या दिवशी त्या महमूदभाईंच्या टेबलाशी बसल्या आणि रकान्यात 'हिंदू' लिहिलं. पेन उमटेना, तर दोनदा गिरवलं. त्या दुपारपासून त्या खडूंच्या खोलीत गेल्या नाहीत.

"तोंड कुठलं घेऊन उभी राहू?" म्हणाल्या.

बारा दिवसांनी उत्तर आलं. नकारच. वर नवा शेरा: अर्जदाराने धर्माबद्दल खोटी माहिती दिली. महमूदभाईंनी उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. ताई बालवर्गातल्या एका बुटक्या खुर्चीवर बसल्या, आणि आईविना पोर रडावं तशा रडल्या.

"धर्मही टाकला, नीता, आणि राहायलाही मिळालं नाही."

सकाळी त्या महमूदभाईंकडे आल्या. "त्या अर्जात दुरुस्ती करायची आहे. बहाई लिहायचं आहे."

"खलास झालं ताई, आता काही फायदा नाही."

"फायद्यासाठी नाही. त्या कागदांत मी खोटी राहायला नको."

महमूदभाई स्वतः घेऊन गेले. ही बाई तुझी कोण लागते, असं तिथे त्यांना दरडावून विचारलं गेलं. तरी पोच घेऊनच ते आले.

ऑक्टोबरमध्ये ताई गेल्या. शाळेच्या पत्रकात 'वैयक्तिक कारणास्तव' असं छापून आलं. दिवाळीच्या फराळाला एकीने मला विचारलं, "अगं, त्या हिंदू नव्हत्या?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग बरं झालं बाई, आपल्यावर काही आलं नाही." मी करंजी खात राहिले.

ताई आता वाईत चुलतभावाच्या मागच्या खोलीत राहतात. फोन केला की उचलतात, माझ्या मुलाच्या, कैवल्यच्या, अभ्यासाची चौकशी करतात, आणि मी पुढे काही बोलायच्या आत ठेवून देतात.